बाथरूमची गळती: फोडण्याआधी शोधा, टाइल लावण्याआधी पाणी भरा

मुंबईच्या सोसायट्यांमध्ये वरच्या-खालच्या शेजाऱ्यांचं बिनसतं ते बहुतेक वेळा एकाच कारणावरून. खालच्या घरातल्या बाथरूमच्या छताला ओल येते. वरचे टाइलच्या फटी पांढऱ्या सिमेंटने भरून घेतात, दोन महिने बरे जातात आणि ओल पुन्हा दिसते. याचं कारण सोपं आहे. लादीच्या मधोमध पाणी क्वचितच उतरतं. ते उतरतं नहाणी ट्रॅपच्या (लादीतल्या जाळीखाली सांडपाणी घेणाऱ्या भांड्याच्या) कडेने, कमोडच्या आउटलेटच्या सांध्यातून, जमीन आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यातून, दाराच्या उंबऱ्याखालून आणि पाइप जिथे भिंतीतून किंवा स्लॅबमधून आरपार जातो तिथून. कामाचा निम्मा वेळ या पाच जागांवर गेला पाहिजे. केमिकल कोणत्या कंपनीचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

पुढची मापं ५ × ७ फुटांचं बाथरूम आणि एक फूट खोल संकन स्लॅब (पाइप लादीखाली बसावेत म्हणून खाली उतरवलेला स्लॅब) धरून दिली आहेत. बोरिवली, मुलुंड, चेंबूरकडच्या जुन्या आरसीसी सोसायट्यांमध्ये असा खोलगट स्लॅब सर्रास सापडतो. नव्या टॉवरमध्ये संकन उथळ असतो, किंवा नसतोच. तिथे पाइप खालच्या घराच्या फॉल्स सीलिंगमध्ये लटकलेले असतात. गिरगाव-काळबादेवीच्या लाकडी तुळयांच्या इमारतीत मात्र हे काम असं करू नका. एक फूट कोब्याचं (विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या मालाच्या भरावाचं) वजन दर चौरस मीटरला साडेपाचशे किलोच्या पुढे जातं आणि लाकडी तक्तपोशी ते पेलायला बांधलेली नसते. तिथे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

गळती नेमकी कशाची?

घण हातात घेण्याआधी दोन-तीन दिवस तपासणीला द्या. बाथरूम वापरा किंवा न वापरा, थेंब एकाच वेगाने पडत असतील तर संशय नळाच्या लाइनवर घ्यायचा. फ्लश केल्यावर वाढत असतील तर कमोडच्या सांध्यावर आणि अंघोळीनंतर वाढत असतील तर लादी किंवा नहाणी ट्रॅपवर. यात एक चकवा आहे. संकनमधला भराव एकदा पाण्याने भरला की स्पंजासारखा कित्येक दिवस झिरपत राहतो. त्यामुळे ‘रात्रभर पाण्याचा मुख्य कॉक बंद ठेवला तरी गळतंय, म्हणजे लाइन ठीक आहे’ हा निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. शक्य असेल तर बाथरूम तीन दिवस पूर्ण बंद ठेवून बघा.

लाइनची खात्री प्रेशर टेस्टने होते. प्लंबर सगळे पॉइंट प्लग करतो, हातपंपाने दाब वाढवतो आणि काटा अर्धा-एक तास बघत बसतो. सीपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) चांगल्या लाइनला दर चौरस सेंटिमीटरला ५-६ किलोचा दाब द्यायला हरकत नाही. काटा उतरला तर कुठेतरी गळतंय. जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपला एवढा दाब देऊ नका, आतून गंजलेला पाइप तिथेच फुटतो. खरं तर तीस-चाळीस वर्षांची जीआय लाइन लादीखाली किंवा भिंतीत असेल तर टेस्टचा निकाल काहीही येवो, ती बदलूनच टाका. लादी एकदा उघडली की हा खर्च थोडा असतो, नंतर तोच कितीतरी पट होतो.

ड्रेनेजसाठी रंगीत पाणी वापरा. कपड्यांची नीळ बादलीत मिसळून आधी फक्त नहाणीत ओता. दुसऱ्या दिवशी तीच नीळ फ्लशच्या टाकीत घालून दहा वेळा फ्लश करा. खाली रंग उतरला तर जागा सापडली. उतरला नाही म्हणून ती जागा निर्दोष ठरत नाही, कारण भराव रंग गाळून घेतो. शेवटी नहाणीचं तोंड बंद करून लादीवर बोटभर पाणी चोवीस तास ठेवा.

ओल फक्त पावसाळ्यात आणि बाहेरच्या भिंतीच्या बाजूला येत असेल तर तुमच्या बाथरूमचा दोष नसण्याची शक्यता मोठी आहे. डक्टमधला (इमारतीचे उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेतला) सामाईक पाइप किंवा बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा तपासा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. घराच्या आतल्या बाथरूमची दुरुस्ती सभासदाच्या खर्चाने.

लादी न फोडता उपाय कधी चालतो? लाइन आणि ट्रॅप दोन्ही शाबूत असतील आणि पाणी फक्त टाइलच्या फटींतून जात असेल तेव्हा. तेव्हा फटी ३-४ मिमी खोल कोरून इपॉक्सी ग्राउट भरणं पुरतं. ट्रॅपचा सांधा सुटला असेल तर वरून काहीही ओतलं तरी पैसे वाया जातात.

फोडाफोडी आणि डेब्री

हे काम पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर ते मे या काळात काढा. जुलैत दमट हवेमुळे कोट वाळत नाही आणि गळती आपली की पावसाची हे कळत नाही. सोसायटीला लेखी कळवा, खालच्या शेजाऱ्यांनाही सांगा. पाण्याच्या टेस्टच्या वेळी त्यांच्या घरात जावंच लागणार आहे. काम संपेपर्यंत दुसरं शौचालय लागेल, त्याची सोय आधी करा.

लादी, जमिनीपासून किमान तीन फुटांपर्यंतच्या भिंतीच्या टाइल आणि आतला सगळा जुना कोबा स्लॅबपर्यंत काढायचा. शॉवरच्या दोन भिंती सहा फुटांपर्यंत मोकळ्या करा. ‘खालचा कोबा मजबूत आहे, राहू दे’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. पाणी त्या कोब्यातच साठलेलं असतं आणि नवं काम ओल्या भरावावर उभं राहतं. मोठा ब्रेकर मात्र लावू देऊ नका. जुना संकन स्लॅब चार-पाच इंचांचा असतो, धक्क्याने त्याला नव्या भेगा जातात. छिन्नी-हातोडा किंवा पाच किलोच्या आतलं छोटं मशीन पुरतं, आणि शेवटचे दोन इंच हातानेच काढायचे. स्लॅबच्या सळ्या उघड्या दिसल्या, किंवा खालच्या छताचे पापुद्रे पडून सळ्या गंजलेल्या दिसत असतील, तर काम थांबवून इंजिनिअरला बोलवा. वॉटरप्रूफिंगने सळीचा गंज बरा होत नाही.

एवढ्या बाथरूममधून साधारण दोन टन डेब्री (राडारोडा) निघते, म्हणजे सत्तर-ऐंशी गोणी. त्या एका खोलीत थप्पी लावून ठेवू नका, रोजच्या रोज खाली उतरवा. रस्त्याच्या कडेला किंवा खाडीत टाकणं गुन्हा आहे. महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे, वॉर्ड ऑफिसात चौकशी करा.

आरपार पाइप आणि कोपरे

स्लॅब तारेच्या ब्रशने घासा, धुवा, सगळी धूळ काढा. भेग दिसली तर ती इंग्रजी ‘व्ही’ आकारात १० मिमी खोल कोरा आणि पॉलिमर मॉर्टरने भरा. ठोकल्यावर पोकळ वाजणारा, खडी उघडी पडलेला भाग असेल तर तिथे छोट्या नळ्या बसवून सिमेंटचं ग्राउट भरायचं: ५० किलोच्या एका गोणीला २५ लिटर पाणी आणि न आकसणारी ग्राउट पावडर.

आता संकनच्या भिंतीतून डक्टकडे जाणारे पाइप. सर्वांत जास्त कामं बिघडतात ती इथेच. पीव्हीसीचा पाइप बाहेरून गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरत नाही आणि वाळल्यावर भोवती केसाएवढी फट राहते. उपाय स्वस्तातला आहे. पाइपचा भिंतीत जाणारा भाग पॉलिश पेपरने खरवडा, त्यावर सॉल्व्हेंट सिमेंट लावा आणि ओलं असतानाच कोरडी रेती भुरभुरवा. वाळल्यावर पाइप खरखरीत होतो, माल त्याला घट्ट बसतो. भोवतीचं भोक ऐसपैस ठेवा, चहूबाजूंनी किमान एक इंच. ते साध्या मालाने बुजवू नका. न आकसणारं ग्राउट ठासून भरा. विटेचा तुकडा कोंबून वरून लिंपणारा मिस्त्री दिसला तर ते काढायला लावा.

याच वेळी संकनच्या सर्वांत खालच्या पातळीवर ४० मिमीचा एक पाइप डक्टमध्ये काढा. याला स्पाउट म्हणतात. वरची लादी कितीही चांगली असली तरी वर्षांनुवर्षांत थोडं पाणी खाली जातंच. त्याला बाहेर जायला वाट हवी, नाहीतर ते स्लॅबवर साचून खाली झिरपतं. हा पाइप ड्रेनेजला जोडू नका. तुंबलं की मैला उलटा संकनमध्ये येईल. तोंड डक्टमध्ये उघडं ठेवा आणि झुरळांसाठी जाळी लावा. पुढे कधी त्यातून थेंब येऊ लागले तर वरचा थर कमजोर झाल्याची सूचना खालच्या शेजाऱ्यांच्या आधी तुम्हाला मिळते.

मग १:४ मालाचं (एक भाग सिमेंट, चार भाग रेती) २० मिमी जाडीचं प्लास्टर, तळाला आणि संकनच्या बाजूंना, स्पाउटकडे हलका उतार देऊन. गोणीमागे २०० मिली वॉटरप्रूफिंग लिक्विड मिसळा. तळ आणि भिंत मिळते तिथे दोन इंचांचा गोल वाटा मारा, म्हणजे कोपरा मालाने भरून त्याला गोलाई द्या. काटकोनात कोट नेहमी पातळ बसतो आणि आधी तिथेच चिरतो. प्लास्टर सात दिवस ओलं ठेवा.

रेतीबद्दल एक गोष्ट. खाडीची रेती खारट असते आणि मीठ सळ्या गंजवतं, ती कितीही स्वस्त मिळाली तरी घरात येऊ देऊ नका. चांगली धुतलेली क्रश सँड (दगड दळून केलेली रेती) चालते. नैसर्गिक रेतीची तपासणी घरी होते: बाटलीत अर्ध्यापर्यंत रेती, वर मिठाचं पाणी, जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर ती परत पाठवा. सिमेंट पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) घ्या. गोणीवर भरल्याचा आठवडा आणि साल छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनी गोणी घेऊ नका.

कोट आणि पाण्याची टेस्ट

इथे दोन घटकांचा, पावडर आणि लिक्विड असा, अ‍ॅक्रिलिक पॉलिमर-सिमेंटचा कोट वापरा. प्रमाण डब्यावर लिहिलेलंच घ्या, पातळ करायला पाणी घालू नका. ब्रशला सोपं जावं म्हणून मिस्त्री पाणी घालतात आणि वाळल्यावर कोट पिठासारखा सुटतो. प्लास्टर ओलसर हवं, पण वर पाणी साचलेलं नको. पहिला कोट आडवा, चार ते सहा तासांनी दुसरा उभा. कोपऱ्यांत आणि पाइपच्या भोवती दोन कोटांच्या मध्ये फायबरची जाळी दाबून बसवा. दोन्ही मिळून जाडी साधारण एक मिलिमीटर व्हायला हवी.

माल किती लागेल ते मोजून घ्या. तळ ३५ चौरस फूट. बाजू एक फूट खोल आणि लादीच्या वर एक फूट, म्हणजे २४ फूट परिघाला ४८ चौरस फूट. शॉवरच्या दोन भिंती सहा फुटांपर्यंत न्यायला आणखी ४५. एकूण सुमारे १२८ चौरस फूट, म्हणजे १२ चौरस मीटर. दोन कोटांना दर चौरस मीटरला दीड ते दोन किलो धरले तर १८ ते २४ किलो माल लागतो. ‘दहा किलोत होऊन जाईल’ म्हणणारा एकच कोट मारणार आहे, हे ओळखा.

दाराच्या उंबऱ्याखाली कोट वर उचलून घ्या. उंबऱ्याचा ग्रॅनाइट बसण्याआधी हे झालं नाही तर पाणी बेडरूमच्या भिंतीत चढतं आणि रंग फुगतो. मग लोक त्या भिंतीवर डॅम्पप्रूफ रंगाचे थर चढवत बसतात.

कोट डब्यावर सांगितलेले दिवस वाळू द्या. मग पाइपची आणि स्पाउटची तोंडं बंद करून संकनमध्ये तीन इंच पाणी भरा. साधारण अडीचशे लिटर लागतं, तेव्हा सोसायटीच्या पाण्याच्या वेळा बघून आदल्या दिवशी ड्रम भरून ठेवा. पातळीवर पेन्सिलीने खूण करा आणि ४८ तास हलवू नका. ७२ ठेवता आले तर उत्तम. दोन-चार मिलिमीटर उडून जातं, त्याहून जास्त उतरलं तर गळतंय. खाली जुनी ओल असणारच, म्हणून टेस्टच्या आधी शेजाऱ्यांच्या छतावरच्या डागाची कड पेन्सिलीने आखून फोटो काढा. डाग रेषेबाहेर गेला का, एवढंच बघायचं. ही टेस्ट मिस्त्रीच्या शब्दावर सोडू नका, आणि ती पास झाल्याशिवाय पुढचे पैसे देऊ नका.

पाइप, ट्रॅप आणि भराव

कमोडची लाइन ११० मिमी, नहाणीची ७५ मिमी, उतार ४० ला १ च्या आसपास. संकनमधले सांधे सॉल्व्हेंटने चिकटवलेले असावेत, रबर रिंगचे नकोत. पाइप भरावावर टेकवू नका. दर दोन-अडीच फुटांवर विटेची छोटी चौकी बांधून त्यावर बसवा, नाहीतर भराव बसला की सांधा मोडतो. नहाणी ट्रॅपमध्ये ५० मिमी पाणी उभं राहिलं पाहिजे. उथळ ट्रॅपमधलं पाणी मुंबईच्या उन्हाळ्यात, घर आठ दिवस बंद असलं तरी आटतं आणि वास येतो. भराव टाकण्याआधी लाइनचं बाहेरचं तोंड प्लग करून ती पाण्याने भरा आणि प्रत्येक सांध्यावर कोरडं वर्तमानपत्र गुंडाळून तासाभराने बघा.

भरावासाठी कडक भाजलेल्या विटांचे तुकडे, रात्रभर भिजवलेले. ते उभे रचायचे आणि मधल्या फटी १:४ मालाने पूर्ण भरायच्या. फोडलेली डेब्री परत आत ढकलण्याचा मोह मोठा असतो. तिच्यात पीओपी किंवा जिप्सम प्लास्टरचे तुकडे असतात. ओल लागली की जिप्सममधलं सल्फेट सिमेंटशी प्रक्रिया करून फुगतं आणि लादी वर उचलली जाते. वजन कमी करायचं असेल तर एएसी ब्लॉकचे (हलक्या, सच्छिद्र सिमेंट-विटांचे) तुकडे चालतात, पण ते पाणी फार पितात, म्हणून वरचा कोट आणखी चोख हवा.

प्लास्टर, कोबा आणि वरचा उताराचा थर मिळून साधारण पाच ते सहा गोणी सिमेंट, २२ ते २५ घनफूट रेती आणि अडीचशे-तीनशे विटांइतके तुकडे लागतात.

कोब्यावर उताराचा थर घाला, सात फुटांत एक इंच पडेल असा, नहाणीकडे. तो पिकला की त्यावर पुन्हा त्याच केमिकलचे दोन कोट. खर्च वाचवायला हा दुसरा थर गाळला जातो, आणि आमच्या मते सर्वांत महागात पडणारी काटकसर हीच. खालचा कोट स्लॅबला वाचवतो. संकन भरूच नये याची काळजी वरचा घेतो. हा कोट ट्रॅपच्या तोंडाच्या आत पाऊण इंच उतरवा. ट्रॅपची कड थरापेक्षा वर राहिली तर तिच्याभोवती पाण्याचं कायमचं वर्तुळ साचतं. इथे पुन्हा चोवीस तास पाणी.

टाइल

जमिनीला एक फूट बाय एक फूट, खरखरीत पृष्ठभागाच्या टाइल घ्या. दोन बाय चारच्या मोठ्या टाइलला चारही बाजूंनी उतार देता येत नाही. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, त्यामुळे सिमेंटचं स्लरी तिला धरत नाही. टाइल अ‍ॅडेसिव वापरा, टाइप २ किंवा वरचं. टाइलच्या पाठीवरची पांढरी पावडर ओल्या फडक्याने पुसा. अ‍ॅडेसिव दातेरी थापीने पूर्ण पाठीवर पसरवा. मधोमध आणि कोपऱ्यांत पाच गोळे ठेवून दाबलेली टाइल वाजवली की पोकळ बोलते, आणि त्या पोकळीत पाणी फिरतं.

२-३ मिमीची फट स्पेसर लावून ठेवा, इपॉक्सी ग्राउटने भरा. उन्हाळ्यात ते झपाट्याने घट्ट होतं, म्हणून थोडं-थोडंच कालवा आणि लगेच पुसा. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात ग्राउट नको, बुरशी न लागणारं सिलिकॉन सीलंट भरा. इमारत थोडी हलते आणि कडक ग्राउट त्या कोपऱ्यात चिरतं.

काचेचं पार्टिशन बसवणारा जमिनीत ड्रिल मारायला निघतो. त्याला सिलिकॉनवर बसवायला सांगा. कमोडचे बोल्ट टाळता येत नसतील तर भोकाची खोली आधी ठरवून ड्रिल बिटवर टेप लावा आणि प्लग बसवण्याआधी भोकात सीलंट भरा. गिझर आणि नळांच्या स्क्रूंनाही तेच.

खालच्या शेजाऱ्यांच्या छताला लगेच पुट्टी-रंग करून देऊ नका. भिजलेला स्लॅब वाळायला दोन-तीन महिने जातात, पावसाळ्यात त्याहून जास्त. सुटलेलं प्लास्टर झाडून छत उघडं ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी पेन्सिलीच्या रेषेशी डाग ताडून बघा.